सज्जाद झहीर 'पाकिस्तानात निघून गेले', हे अर्धसत्य

फाळणी होताच उर्दू लेखक आणि कम्युनिस्ट नेते सज्जाद झहीर यांनी पाकिस्तानची निवड केली, हे वाक्य अजूनही बिनदिक्कत फिरत असतं. गेले हे खरं. पण कसे गेले, ते सोयीस्करपणे गाळलं जातं.

१९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाकिस्तानसाठी वेगळा पक्ष उभारायचं ठरवलं आणि ती धुरा झहीर यांच्यावर टाकली. म्हणजे हे स्थलांतर नव्हतं, पक्षाचा आदेश होता. पत्नी रझिया, स्वतः लेखिका, मुलींना घेऊन लखनौतच राहिल्या. देश बदलायला निघालेला माणूस बिऱ्हाड मागे ठेवतो का?

तिकडे तरी कुठे पायघड्या होत्या! बराच काळ भूमिगत, मग १९५१ मध्ये रावळपिंडी कटाच्या, म्हणजे पाकिस्तान सरकार उलथवण्याच्या कथित कटाच्या खटल्यात कवी फैज अहमद फैज यांच्यासोबत अटक. १९५५ मध्ये सुटका झाली आणि हे गृहस्थ थेट भारतात परतले. पुढे १९७३ मध्ये मृत्यू आला तो तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-अटामध्ये, लेखकांच्या परिषदेला गेले असताना.

लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या या माणसाची वकिली फारशी झालीच नाही. साहित्यसमीक्षा मात्र तुरुंगातही थांबली नाही. फारसी कवी हाफिजवरचं 'जिक्र-ए-हाफिज' हे पुस्तक तिथलंच. हाफिजच्या गझलेला ऱ्हासशील म्हणून मोडीत काढणारे त्यांच्याच पुरोगामी लेखकांच्या गोटात होते; झहीर यांनी बाजू घेतली ती हाफिजची. त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा 'प्रचारकी' हा शिक्काही, माझ्या मते, पुस्तक न उघडताच मारलेला आहे.