हात आधी, सूर मागून

सिम्फनी वाद्यवृंद मंचावर बसला की ऐंशी ते शंभर वादक अठरा-वीस मीटर रुंदीत पसरतात. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 20 मीटर अंतराला त्याला 58 मिलिसेकंद लागतात. आकडा किरकोळ वाटेल, पण बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात घेऊन पाहा. पहिल्या भागासाठी त्याने लिहून ठेवलेली लय मिनिटाला 108 ठोक्यांची आहे आणि प्रत्येक ठोक्यात चार छोटे स्वर बसतात. एकेक स्वर जेमतेम 139 मिलिसेकंदांचा. एका टोकाच्या वादकाने दुसऱ्या टोकाचं ऐकून वाजवलं, तर तो जवळजवळ अर्धा स्वर मागे पडतो.

प्रकाशाला असा उशीर होत नाही. कंडक्टरचा, म्हणजे समोर उभं राहून हाताने लय दाखवणाऱ्या संचालकाचा, हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. या कामाची गरज मुळात इथून सुरू होते. सूर घडवणं, समतोल राखणं हे त्यानंतरचं.

ट्रॉम्बोनवाले कंडक्टरपासून दहा मीटर मागे बसलेत असं धरू. पुढच्या व्हायोलिनचा सूर कानावर पडल्यावर त्यांनी फुंकलं, तर तो सूर तिकडे जाताना 29 मिलिसेकंद गेले आणि त्यांचा सूर इकडे येताना आणखी 29. श्रोत्यांना ते उशिरा ऐकू येतात. म्हणून मागच्या रांगांनी लय डोळ्यांनी घ्यायची असते आणि पुढच्यांच्या किंचित आधी वाजवायचं असतं. डबल बास या खर्जाच्या तंतुवाद्याची अडचण वेगळी. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला 41 वेळा कंपते, म्हणजे एक कंपन 24 मिलिसेकंदांचं, आणि स्वर ओळखायला कानाला अशी काही कंपनं लागतात. खर्जाला उगवायला वेळ द्यावाच लागतो. मुंबईत 1936 साली जन्मलेल्या कंडक्टर झुबिन मेहतांनी व्हिएन्नात संचालनासोबत डबल बासही शिकून घेतला होता. वाद्यवृंद तळातून कसा ऐकू येतो हे समजायला याहून चांगली जागा नाही.

आता हात. चार मात्रांच्या आवर्तनात तो खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर असा फिरतो. खाली पडणारा ठोका म्हणजे आपली सम. पण वादक आकृतीपेक्षा हाताचा वेग कसा बदलतो ते पाहतात. टाकलेला चेंडू वेग घेत खाली येतो आणि उसळतो, तसा हात बिंदूकडे, म्हणजे ठोका पडतो त्या जागेकडे, येऊन उसळला तर बिंदू नेमका कधी येणार याचा अंदाज डोळ्यांना आधीच बांधता येतो. हात एकाच वेगाने गोलगोल फिरत राहिला, तर बिंदू सापडत नाही आणि व्हायोलिनच्या सुरुवातीला कडा राहत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा इशारा मात्र सुरांच्या आधीचा, पूर्वठोका. तो बरोबर एका ठोक्याइतका लांब असतो. त्यातून लय, जोर आणि फुंकवाद्यांना श्वास, तिन्ही मिळतं. पाचव्या सिम्फनीत पहिलाच छोटा स्वर मौनाचा आहे. कंडक्टरची सम रिकाम्या जागेवर पडते आणि वादक त्यानंतर 139 मिलिसेकंदांनी आत येतात. घाबरून दोन-तीन ठोके दिले की कोणीतरी हमखास आधीच वाजवतं. पूर्वठोका संथ आणि मनातली लय द्रुत असली की पहिले तीन स्वर विस्कटतात. लगेच पुढे लांबवलेला स्वर येतो. तो तोडणं आणि पुढचा पूर्वठोका देणं हे एकाच हालचालीत बसवावं लागतं.

नवख्यांना नडणारी चूक याहून साधी आहे. मोठे वाद्यवृंद हाताच्या थोडे मागून वाजवतात. नवखा त्या सुरासाठी थांबतो, हात मंदावतो, वादक मंदावलेल्या हातामागे जातात, आणि लय ओढल्यासारखी होते. उपाय एकच: मनात ठोक्याचे छोटे भाग मोजत राहायचे आणि हात ऐकू येणाऱ्या सुराला बांधायचा नाही.

हे मंचावर शिकण्याच्या आधी कागदावरची मेहनत असते. स्कोरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकत्र असलेल्या वहीत, वीसेक ओळी एकाखाली एक असतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी ‘सी’ हा स्वर लिहिला की ऐकू येतो बी-फ्लॅट, एफ हॉर्नसाठी लिहिला की त्याखालचा एफ, आणि व्हिओलाची स्वरखूणच (कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते सांगणारं चिन्ह) निराळी. हे सगळं वाचताना मनात खरे सूर उमटायला हवेत, नाहीतर तालमीत चुकीचा सूर कोणाचा ते पकडता येत नाही. हवामानही बघावं लागतं. ओबो या फुंकवाद्याच्या ‘ए’ स्वरावर सगळे सूर लावतात, पण सभागृह एक अंशाने तापलं की फुंकवाद्यं सुमारे 3 सेंट चढतात (अर्धस्वराचे 100 सेंट), आणि तारा मात्र सैलावून उतरतात.

झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, त्यामुळे तालमी घरातच कानावर पडत. 1954 मध्ये झुबिन व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकायला गेले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत, म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउदिओ आबादो समूहगायनात सामील झाले आणि ब्रुनो वाल्टर, कारायान यांचे हात वादकांच्या बाजूने पाहत राहिले. विद्यार्थ्याने याहून शहाणपणाचं काय करावं! 1958 मध्ये लिव्हरपूलची संचालनाची स्पर्धा जिंकली. मग एकेका शहराचा वाद्यवृंद हाती आला: 1961 मध्ये माँट्रिअल, 1962 मध्ये लॉस एंजेलिस, 1978 ते 1991 न्यूयॉर्क. इस्रायल फिलहार्मोनिकची धुरा 2019 पर्यंत.

माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के, म्हणजे तीन-साडेतीन किलो. ब्रुकनरची आठवी सिम्फनी जवळपास 80 मिनिटं चालते. तेवढा वेळ कोपर खांद्याच्या वर राहिलं तर खांदा भरून येतो, म्हणून जाणते कंडक्टर कोपर खाली सोडून काम मनगट आणि बॅटनच्या, म्हणजे हातातल्या छोट्या काठीच्या, टोकावर सोपवतात. 2019 मध्ये आजारातून उठलेले मेहता खुर्चीत बसून संचालन करत होते. हालचाली आखूड झाल्या होत्या, पण बॅटनचं टोक बिंदूकडे येताना वेग घेत होतं आणि शेवटच्या रांगेला तेवढं पुरत होतं.