लागोसच्या नोकरीसाठी एसटीआर व्हिसा: अर्ज कुठे अडतो

नायजेरियात नोकरीला जायचं तर एसटीआर (सब्जेक्ट टू रेग्युलरायझेशन) व्हिसा लागतो. तिथे पोहोचल्यावर राहण्याचा परवाना रीतसर करून घ्यायचा, या अटीवर मिळणारा हा प्रवेश. 'आत्ता बिझनेस व्हिसावर या, इथे बदलून घेऊ' असं कंपनीतलं कुणी फोनवर म्हणालं, तर तेच लेखी मागा. सहसा मिळत नाही. टीडब्ल्यूपी, म्हणजे तात्पुरता कामाचा परवानाही, मशीन बसवणं, दुरुस्ती अशा थोड्या मुदतीच्या कामापुरताच असतो.

बहुतेकांना वाटतं, पात्रता म्हणजे आपली डिग्री. खरी गाठ कंपनीच्या कोट्याशी आहे. परदेशी माणूस नेमायला कंपनीकडे तिथल्या गृह मंत्रालयाचा एक्सपॅट्रिएट कोटा लागतो आणि तो पदानुसार मंजूर होतो. कोट्यात 'प्रॉडक्शन मॅनेजर' आणि ऑफर लेटरवर 'प्लांट हेड' असेल, तर काम एकच असूनही अर्ज अडतो. त्यामुळे इथला राजीनामा देण्याआधी कोटा मंजुरीच्या पत्राची प्रत मागवा आणि पदनाम अक्षरशः जुळवून बघा.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. फॉर्म, फोटो नेहमीचेच. कोट्याचं पत्र, प्रमाणपत्रं, सीव्ही, ऑफर लेटर आणि नोकरी स्वीकारल्याचं तुमचं पत्र, प्रत्येकाच्या चार प्रती. ऑनलाइनच्या जमान्यात चार कशाला, हे विचारून उपयोग नाही. स्वीकृतीचं पत्र मात्र हमखास विसरलं जातं.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर वेगळीच मांडणी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना तर जास्तच त्रास. प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच तयार ठेवा.

प्रमाणपत्रांच्या साक्षांकनासाठी एजंट सवयीने अपोस्टिल करून देतात, म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का. नायजेरिया त्या करारात नाही, म्हणजे ते पैसे पाण्यात. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी नायजेरियाचं हायकमिशन, असा हा मार्ग आहे.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. आदल्या दिवशी टोचून घेऊन भागत नाही. एकदा घेतलं की ते आयुष्यभर चालतं. कार्ड तिथे हरवू नका, परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाणारी मुदत ९० दिवसांची. एवढ्या दिवसांत स्थिरस्थावर व्हायचं, असा तिचा अर्थ नाही. नायजेरियात उतरल्यापासून त्याच काळात कंपनीने इमिग्रेशनकडे अर्ज करून परवाना नियमित करायचा असतो. त्यातून सेरपॅक नावाचं ओळखपत्र मिळतं. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचं वार्षिक शुल्क १००० वरून २००० डॉलर झालं. ते कोण भरणार, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. एचआरचं तोंडी 'होईल हो' पुरत नाही. या कामासाठी पासपोर्ट इमिग्रेशनकडे द्यावा लागतो, तेव्हा त्याच्या प्रती जवळ ठेवा आणि त्या दिवसांत घरच्या लग्नाचं तिकीट काढू नका.