पावसाळा, खारी हवा आणि तुमच्या गाडीची ब्रेक डिस्क

जून लागला की आमच्या गॅरेजमध्ये रोज एक तरी फोन येतो. रात्री गाडी उभी केली तेव्हा डिस्क चकचकीत होती, सकाळी बघतो तर गंजाने तांबडीलाल. आता बदलावी लागेल का? नाही. गाडी बाहेर काढा, बाजारापर्यंत एक फेरी मारा आणि वाटेत आठ-दहा वेळा नेहमीसारखा ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे पॅड तो थर पुसून काढतात. सुरुवातीला थोडी खरखर ऐकू येईल, मग थांबेल. एवढ्यावरून कोणी डिस्क बदलायला सांगितली तर ऐकू नका.

डिस्क बिडाची असते. बीड उष्णता चांगली झेलतं, स्वस्तही पडतं, पण पाणी लागलं की काही तासांत गंज धरतं. घासणाऱ्या भागाला रंग देऊन चालत नाही, तेल लावून तर मुळीच नाही, कारण पॅड आणि डिस्क कोरडे एकमेकांना भिडले तरच गाडी थांबते. म्हणून तिथला गंज रोजच्या वापरानेच निघायला हवा.

गोव्यात यात मिठाची भर पडते. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आपोआप ओली होते ना, तसंच डिस्कवर होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे पाऊस उघडला तरी मीठ बसलेली डिस्क ओलीच राहते. मोरजी, कांदोळी, मिरामार, बाणावली इथल्या गाड्यांना हा त्रास जास्त. फेरीबोटीच्या धक्क्यावर खाऱ्या पाण्यातून चाकं गेली असतील तर घरी पोचल्यावर चाकांवर नळाचं गोडं पाणी सोडा. वाळपई-साखळीकडे मीठ कमी, पण तांबडी माती कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागात, साचून ओल धरून ठेवते; तिथेही पाण्याचा फवारा हवाच. धुतल्यावर गाडी तशीच उभी करू नका. दोन-तीन किलोमीटर चालवून, ब्रेक दाबून डिस्क सुकवा आणि मग लावा.

सगळ्यात जास्त नुकसान उभ्या गाडीचं होतं. शिवोलीच्या एका तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) ग्राहकाची गाडी आठ महिने दारात उभी होती. बोटीवर जाण्याआधी त्यांनी ती मन लावून स्वच्छ धुतली, हँडब्रेक ओढला आणि वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. परत आल्यावर गाडी हलेना. जरा जोर दिला तेव्हा मागून खट्ट आवाज आला आणि गाडी सुटली. आम्ही चाक उतरवलं तर पॅडची अख्खी आकृती डिस्कवर उमटलेली होती. बोट फिरवलं की तिची कड नखाला लागत होती. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे पॅडचा मसाला मागच्या पत्र्यापासून उचलला गेला होता आणि त्याचा एक तुकडा डिस्कलाच चिकटून राहिला होता. दोन्ही डिस्क आणि पॅड नवे घालावे लागले. आम्हाला याचं फार वाईट वाटलं, कारण निघण्यापूर्वी कोणी दोन शब्द सांगितले असते तर हा खर्च टळला असता.

ते दोन शब्द असे. गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर धुतल्यावर पाच-सात किलोमीटर फिरवून पूर्ण कोरडी करा. सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. चाकांना पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. प्लास्टिकचं कव्हर आत वाफ कोंडतं, त्यापेक्षा पत्र्याचं छप्पर बरं. घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी पंधरा मिनिटं चालवायला सांगा. जागेवर इंजिन सुरू करून ठेवल्याने डिस्कला काहीच उपयोग नाही, चाक फिरून ब्रेक लागला पाहिजे.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. तिथे वेग बराचसा मोटरच कमी करते (यालाच रिजन म्हणतात), पॅड क्वचित लागतात आणि रोज चालणाऱ्या गाडीच्या डिस्कलाही गंज चढतो. आठवड्यातून एकदा रिजन कमीत कमी ठेवा, मागे कोणी नाही हे बघा आणि आठ-दहा वेळा जरा जोराने ब्रेक दाबा.

पावसाआधी गाडीखाली ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. जरूर घ्या, पण मारणाऱ्याला चाकं आतून झाकायला सांगा. पॅड तेलात भिजले की ते बदलावेच लागतात. डिस्कवर खोबरेल, डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे कधीही मारू नका. व्हिनेगरने गंज निघतो हे खरं, पण ओली डिस्क लगेच पुन्हा तांबडी होते. त्या खटाटोपात अर्थ नाही.

मग आमच्याकडे कधी यायचं? पंधरा-वीस मिनिटं चालवूनही खरखर थांबत नसेल, ब्रेक दाबल्यावर पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा एकच चाक जास्त तापत असेल तर. थांबलेल्या गाडीच्या चाकातून टॉर्च मारून बघा. पापुद्रे सुटलेले किंवा खड्डे पडलेले दिसले तरी या. आतली बाजू बाहेरून दिसत नाही आणि बऱ्याचदा तीच जास्त खराब असते, म्हणून आम्ही चाक उतरवल्याशिवाय काहीच ठरवत नाही.

डिस्कची जाडी आम्ही मायक्रोमीटरने तुमच्यासमोर मोजतो. किती जाडीपर्यंत चालेल हा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ नवी २२ मिलिमीटरची डिस्क बऱ्याच गाड्यांत २० पर्यंत चालते. गंज वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने भागतं. खड्डे उथळ असतील आणि कापून झाल्यावरही पुरेशी जाडी उरणार असेल तर लेथवर मारून घेतो. नाहीतर बदलणं, आणि तेही एका ॲक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीच्या, दोन्ही बाजू. त्याच वेळी कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावतो, कारण पीन अडकली की पॅड डिस्कवर टेकून राहतो. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढणंही तेवढंच महत्त्वाचं. तिथे गंजाची बारीकशी पापडी राहिली तरी नवी डिस्क वाकडी बसते आणि थरथर कायम राहते.

डिस्क नव्या घ्यायच्याच असतील तर कोटिंग असलेल्या मागा. घासणाऱ्या भागावरचं कोटिंग सुरुवातीच्या ब्रेकिंगमध्येच निघून जातं, पण कडा, मधला भाग आणि हवेच्या फटी बरीच वर्षं टिकतात. साध्या डिस्कवर कारखान्यातून तेलाचा थर येतो, तो आम्ही ब्रेक क्लीनरने पुसूनच बसवतो. नव्या डिस्क-पॅडवर पहिले २०० किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा. हलक्या हाताने, मधे मधे थंड होऊ देत ते एकमेकांवर बसू द्या. त्या दिवसांत चोर्ला घाट उतरायचा बेत असेल तर तो थोडा पुढे ढकला.