डुक्कर फियाटचं दार आणि ‘मूळ स्वरूपा’चा वाद

डुक्कर फियाटची, म्हणजे १९५० च्या दशकातल्या जुन्या फियाट ११०० ची, पुढची दारं उलटी उघडतात. बिजागऱ्या मधल्या खांबाला, लॉक पुढच्या कडेला. चालत्या गाडीत लॉक सुटलं की वारा दार हिसकून सताड उघडतो. या गाडीत लॉकची दुरुस्ती ही हौसेची गोष्ट नाही, जिवाची आहे.

लाकडी सांगाड्याच्या जुन्या गाड्यांत लाकूड फुगायचं, दार खाली बसायचं आणि बोल लॉकला लागायचा. पोलादी बॉडी आल्यावर खरी झीज लॉकमध्ये दिसू लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासातून कळलं, की दार उघडून माणूस बाहेर फेकला गेला तर मृत्यूचा धोका फार वाढतो. मग दार आणि खांब एकमेकांत अडकवून धरणारी लॉक आली. १९६८ पासून तिथे लॉकची ताकद कायद्यानेच ठरवून दिली. आपल्याकडे १९६४ मध्ये याच फियाटचं पुढचं मॉडेल, ११०० डी, आलं ते सरळ दारांचं. आधीच्या गाड्या होत्या तशाच राहिल्या.

मग या जुन्या गाड्यांचं लॉक बदलावं का, हा वाद पेटला तो २०२१ च्या विंटेज गाड्यांच्या केंद्रीय नियमांनंतर. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी म्हणजे विंटेज. यात लॉकचा शब्दही नाही. तरी काही जाणकार आतला स्क्रूसुद्धा त्याच काळातला हवा म्हणतात. दुसरे म्हणतात, हँडल जुनं ठेवा, आतलं लॉक नव्या धर्तीचं बसवा. नियमाचा रोख गाडीच्या मुख्य सांगाड्यावर आणि इंजिनावर आहे, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतं. पण नवं लॉक बसवायला दाराचा आणि खांबाचा पत्रा कापावा लागत असेल, तर पहिल्या गटाचा आक्षेप रास्तच आहे.

म्हणून चांगले कारागीर मधली वाट धरतात. आधी अर्धवट उघडलं दार खालून उचलून बघतात. ते हललं, तर बिजागरीची पिन झिजलेली. ती बदलल्याशिवाय लॉकला हात लावत नाहीत. मग लॉकच्या जिभेची गोल झालेली कड धातूची भर घालून कानशीने पुन्हा धारदार करतात, थकलेली स्प्रिंग बदलतात. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही.

नंतरच्या प्रीमियर पद्मिनीचं लॉक इथे जसंच्या तसं चालत नाही, कारण तिचं दार सरळ उघडणारं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे बंद झाली. आता तिचे सुटे भागसुद्धा भंगारात शोधावे लागतात. डुक्करचे तर त्याआधीपासूनच दुर्मीळ आहेत.