खिशातला कॅमेरा की गळ्यातला?

गणपती जवळ आले किंवा घरात लग्न ठरलं, की मुंबईतल्या पुष्कळ घरांत एक विषय निघतोच: फोनवर खूप फोटो काढले, आता एक बरा कॅमेरा घेऊया. दुकानात गेल्यावर दोन पर्याय समोर येतात. एक, सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, सोबत मिळणाऱ्या किट लेन्ससकट. दुसरा, शर्टाच्या खिशात मावणारा चपटा डिजिटल कॅमेरा, जो हल्ली कॉलेजातली मुलं ‘डिजिकॅम’ म्हणून पुन्हा शोधत फिरतात. दोन्हींचे मेगापिक्सेल विचारले तर आकडे जवळजवळ सारखे निघतात. कॅननच्या ईओएस १५००डी या डीएसएलआरचे २४, त्याच कंपनीच्या खिशातल्या इक्सस १८५चे २०. मग दोघांत एवढा फरक कसला? त्याचं उत्तर मेगापिक्सेलमध्ये नाही, भिंगाच्या छिद्रात आहे. ते काढायला शाळेतला भागाकार पुरतो.

कोणत्याही लेन्सच्या तोंडावर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. पहिला नाभीय अंतराचा, म्हणजे फोकल लेंग्थचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा एफ-क्रमांक, ‘१:’च्या पुढे लिहिलेला. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की प्रकाश ज्या छिद्रातून आत शिरतो त्याचा व्यास मिळतो. इक्सस १८५च्या लेन्सचा आकडा आहे ५ ते ४० मिमी, १:३.२ ते ६.९. झूम न करता, रुंद दृश्यासाठी: ५ भागिले ३.२, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. डीएसएलआरच्या किट लेन्सवर १८ ते ५५ मिमी, १:३.५ ते ५.६ असं असतं. साधारण तेवढंच रुंद दृश्य: १८ भागिले ३.५, म्हणजे पाच मिलिमीटरांहून थोडं जास्त. व्यास सव्वातीन पट, क्षेत्रफळ सुमारे ११ पट. म्हणजे तोच क्षण, तीच चौकट, शटर तेवढाच वेळ उघडं, तरी डीएसएलआरमध्ये ११ पट प्रकाश येतो. एक सावधगिरी बाळगायची. खिशातल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर बहुधा ‘२८–२२४ मिमी’ अशी ३५ मिमी फिल्मशी तुलना करून काढलेली संख्या छापतात. भागाकारात ती वापरायची नाही, लेन्सवरची खरी संख्या घ्यायची.

एवढा जास्त प्रकाश हवा कशाला, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रकाश सुट्या कणांनी येतो, आणि हे फोटॉन कधीच मोजून मापून येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडायचे असतील तर प्रत्यक्षात कुठे शंभर कमी पडतात, कुठे शंभर जास्त. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. १०,०००चं वर्गमूळ १००, म्हणजे चूक १ टक्का. डोळ्यांना ती जाणवतही नाही. पण फोटॉन फक्त १०० असतील तर चढउतार १०चा, म्हणजे १० टक्के. मग एकाच रंगाची गुळगुळीत भिंत फोटोत रवाळ दिसू लागते, गालावर ठिपके उमटतात. हे दाणे म्हणजे प्रकाशाच्या स्वभावातच असलेला गोंधळ. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, कितीही उत्तम बनवला तरी तो गोंधळ जात नाही. तो दबतो फक्त जास्त फोटॉन गोळा केल्यावर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातली संवेदनशीलतेची सेटिंग, वाढवून फोटॉन वाढत नाहीत. आलेला संकेत मोठा होतो, आणि त्याच्यासोबत गोंधळही.

मुंबईच्या घरांत हा हिशोब कसा लागतो ते पाहा. दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. ट्यूबलाइटखालच्या बैठकीच्या खोलीत तो १०० ते २०० लक्स, म्हणजे पाचशे ते हजार पट कमी. डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला खोली लख्ख वाटते. अशा खोलीत आरती चालू आहे, मुलं टाळ्या वाजवतायत, आणि हात अस्पष्ट येऊ नयेत म्हणून शटर १/१०० सेकंद ठेवायचं आहे. किट लेन्सला आयएसओ २०००च्या आसपास न्यावा लागतो. डीएसएलआरचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर तो सहज सोसतो. खिशातल्या कॅमेऱ्यालाही जवळपास तेवढाच आयएसओ लागतो, पण त्याचा सेन्सर जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिमीचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. डीएसएलआरचा २२.३ गुणिले १४.९ मिमी, छोट्या टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळात १२ पटींचा फरक आहे. मोठ्या सेन्सरवर तेच दृश्य पाडायला लांब नाभीय अंतर लागतं, आणि एफ-क्रमांक तोच ठेवला तर छिद्र आपोआप रुंद होतं. सेन्सरचा आकार आणि छिद्राचा व्यास ही जोडी अशी एकमेकांत गुंतलेली आहे.

इथे डीएसएलआरची खरी ताकद दिसते: लेन्स बदलता येते. ५० मिमी एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक. ५० भागिले १.८, जवळजवळ २८ मिमीचं छिद्र! त्याच खोलीत आयएसओ ५००वर काम भागतं. शिवाय मागचं कपाट, वायरी, कॅलेंडर हे सगळं मऊ धूसर होऊन जातं, कारण पार्श्वभूमी किती विरघळते हेही याच छिद्रावर ठरतं. मात्र मुंबईत एक अडचण आहे, आणि ती घेण्यापूर्वीच माहीत असलेली बरी. या लेन्समधून १० फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीची चौकट मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी सगळं कुटुंब मावत नाही. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याने ५०च्या ऐवजी २४ किंवा ३५ मिमीची लेन्स पाहावी, मग एफ-क्रमांक थोडा चढा असला तरी चालेल.

ट्यूबलाइट आणि मंडपातल्या एलईडी माळांबद्दल आणखी एक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे यांतले कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१००वर ठेवलं तर मिणमिणण्याची पूर्ण आवर्तनं पकडली जातात. त्याहून वेगवान शटरने एक फोटो उजळ, दुसरा पिवळट, तिसऱ्यात आडवा पट्टा असं होतं. शटर हाताने लावण्याची सोय अशा वेळी कामी येते. डीएसएलआरमध्ये ती असतेच, खिशातल्या स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा नसते.

झूमचं प्रकरण मला सर्वांत उद्बोधक वाटतं, आणि त्यासाठी शिवडीच्या खाडीइतकी चांगली जागा नाही. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथे आणि ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. समजा, ८५ सेंटीमीटर उंचीचा छोटा रोहित तुमच्यापासून १०० मीटरवर चिखलात चरतोय. इक्ससचा झूम पूर्ण ताणला, ४० मिमी, तर सेन्सरवर पक्ष्याची उंची ०.३४ मिमी येते. पिक्सेल बारीक आहेत, एकेक १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून कागदावर पक्षी सुमारे २८५ पिक्सेल उंच. डीएसएलआरवर २५० मिमीची झूम लेन्स लावली तर प्रतिमा २.१ मिमी, ५७० पिक्सेल. कागदावर फरक दुपटीचा. प्रत्यक्षात तो त्याहून बराच मोठा निघतो.

कारण प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो. तारा कितीही बिंदूसारखा असला तरी भिंगातून त्याची प्रतिमा एक छोटी चकती म्हणूनच पडते, हे जॉर्ज एअरी यांनी १८३५ साली गणिताने दाखवलं. चकतीचा व्यास काढायला प्रकाशाच्या तरंगलांबीला एफ-क्रमांकाने आणि २.४४ने गुणायचं. हिरव्या प्रकाशासाठी, एफ/६.९वर, तो ९ मायक्रॉनांहून थोडा जास्त येतो. १.२ मायक्रॉनचे पिक्सेल त्या चकतीखाली चाळीसहून अधिक मावतात! म्हणजे पूर्ण झूमवर २ कोटी पिक्सेलांपैकी बहुतेक पिक्सेल शेजाऱ्याने नोंदवलेलाच ठिपका पुन्हा नोंदवत बसतात. फाइल मोठी होते, पिसं वेगळी दिसत नाहीत. डीएसएलआरवर एफ/५.६ला चकती साडेसात मायक्रॉनची आणि पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, एका चकतीखाली तीन-चारच पिक्सेल. तिथे २४ मेगापिक्सेलला अर्थ आहे. अर्थात दुपारी तापलेल्या चिखलावरून गरम हवा थरथरायला लागली की दोन्ही कॅमेरे सारखेच हतबल होतात. भरतीचं वेळापत्रक पाहून सकाळी जावं. पाणी चढू लागलं की पक्षी स्वतःहून काठाकडे सरकतात.

उडते पक्षी, शिवाजी पार्कवरचा फलंदाज, फलाटात शिरणारी लोकल यांच्यासाठी फोकसचा वेगही लागतो. डीएसएलआरमधला आरसा थोडा प्रकाश खालच्या एका वेगळ्या सेन्सरकडे वळवतो. तिथे लेन्सच्या समोरासमोरच्या दोन कडांमधून आलेल्या प्रतिमा शेजारी-शेजारी पडतात. त्यांच्यातलं अंतर मोजलं की भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचं हे एका फटक्यात कळतं. खिशातले जुने-साधे कॅमेरे भिंग पुढे-मागे करत चित्र सर्वांत रेखीव कुठे दिसतं ते चाचपडतात. तोवर लोकल उभी राहिलेली असते.

एवढं वाचून डीएसएलआरच घ्यावा असं वाटत असेल तर थोडं थांबा. भागाकार कॅमेऱ्याची जात पाहत नाही. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२चा कॅमेरा २४० ग्रॅमचा, पँटच्या खिशात मावणारा. त्याची लेन्स १०.४ मिमीला एफ/१.८, म्हणजे ५.८ मिमीचं छिद्र. किट लेन्सच्या रुंद टोकापेक्षा मोठं! ज्याला किट लेन्सपलीकडे दुसरी लेन्स कधीच घ्यायची नाही, त्याने एपीएस-सी डीएसएलआर घेऊन खोलीतल्या फोटोंत फारसं काही कमावलं नाही असं मी म्हणेन. अशा ‘एक इंची’ सेन्सरच्या कॅमेऱ्यांची किंमत मात्र चढी असते. आणि सेन्सरची एकही बाजू एक इंच नसते; तो १३.२ गुणिले ८.८ मिमी असतो.

लहान सेन्सरच्या स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्याची स्पर्धा खरं तर फोनशी आहे, आणि तिथे तो बऱ्याचदा हरतो. चांगल्या फोनचा सेन्सर त्याच्याहून मोठा असतो, शिवाय फोन एकापाठोपाठ अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो. तरी तीन गोष्टी त्या चपट्या कॅमेऱ्याकडे आहेत. खरोखर हलणाऱ्या भिंगांचा झूम. झेनॉनचा फ्लॅश, जो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात चमकून नाचणारं माणूस जागच्या जागी पकडतो. फोनच्या एलईडीला हे जमत नाही. आणि १ सेंटीमीटरवरून फोटो घेण्याची क्षमता. इवलंसं छिद्र इथे वरदान ठरतं, कारण मुंगी डोक्यापासून शेवटापर्यंत रेखीव येते. अंगणातले किडे, जुनी नाणी, रानफुलं टिपणाऱ्याला किट लेन्स घेऊन २५ सेंटीमीटर दूर उभं राहण्यापेक्षा हा कॅमेरा अधिक आनंद देईल.

वजन मात्र हलकं समजू नका. १५००डी, किट लेन्स आणि एक टेलिझूम मिळून एक किलोच्या वर जातं. विरार फास्टला सकाळी छातीशी धरलेल्या बॅगेत रोज एवढं ओझं कोणी नेत नाही. इक्ससचं वजन १२६ ग्रॅम. रोजच्या प्रवासातलं शहर टिपायचं असेल तर मी डोळे मिटून लहान कॅमेऱ्याच्या बाजूने उभा राहीन, दाण्यांसकट.

उरला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे सहज असते, आणि एवढ्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते. तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप कायमचा खातं. कॅमेरा कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवणं हा त्याला मारण्याचा खात्रीचा मार्ग. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढं पुरतं. आत ४० ते ५० टक्के राहिलं पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. एसी हॉलमधून बाहेर येताना कॅमेरा लगेच काढू नये, थंड काचेवर दव धरतं. खिशातल्या कॅमेऱ्याचा धोका वेगळा: त्याची दुर्बिणीसारखी बाहेर येणारी लेन्स जुहूची वाळू आत ओढून घेते, आणि ती घरी साफ करता येत नाही.

मोठ्या कंपन्यांनी लक्ष आरसा नसलेल्या ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांकडे वळवल्यामुळे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या बाजारात भरपूर येतायत. फोर्टात बोरा बाजाराच्या दुकानांत जाताना स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. बजेट ठरलेलं असेल तर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी आणि लेन्स चांगली घ्या, उलट नको. शटर किती वेळा उघडलं हे विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतली निकॉन डी३५०० सारखी बॉडी १ लाख वेळांसाठी बनवलेली असते. लेन्स हातात घेऊन मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दुकानदार कितीही स्वस्त देत असला तरी ती लेन्स तिथेच ठेवा, कारण बुरशी तुमच्या डब्यातल्या बाकीच्या लेन्सांवरही जाते.