उद्यानालगतचे वीस गुंठे: आरक्षणापासून ताब्यापर्यंत

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात उद्यानाला लागून एखादं शिवार शिल्लक असलं की महापालिकेने ते घेऊन उद्यान वाढवावं, अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण नकाशावर हिरवा रंग भरला म्हणजे जागा शहराची झाली, हा समज घातक ठरतो. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम ६९ नुसार, शहराचा विकास आराखडा राजपत्रात आल्यापासून ५ वर्षांत जागा संमतीने घेतली नाही आणि संपादनही सुरू केलं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. मग तिथे प्लॉट पडायला वेळ लागत नाही.

उशीर होतो तो मुख्यतः कागदांमुळे. १९४८ मधल्या विलीनीकरणापर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं, तर शेजारचं बेळगाव मुंबई इलाख्यात. १९५६ साली चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्यामुळे जुन्या नोंदी मोडीत आणि मराठीत, तर आजचा उतारा कन्नडमध्ये. जमिनीचा रि. स. नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) तोच, पण उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस अकरा, त्यातल्या बहिणी सासरी. एकीची सही राहिली तरी खरेदी अडते. त्यात कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्याखालचा, १ मार्च १९७४ च्या कूळहक्काचा (त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाचा) दावा निघाला तर प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. म्हणून दराची बोलणी नंतर. आधी वारसनोंद, पोटहिस्सा आणि मोजणी. बांध सरकलेला असेल तर तो मोजणीतच कळतो.

संमती मिळाली नाही तर २०१३ चा भूसंपादन कायदा. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतींना ६० दिवस, १२ महिन्यांत घोषणा, पुढच्या १२ महिन्यांत निवाडा, म्हणजे भरपाईचा निर्णय. समजा २० गुंठे, बाजारमूल्य गुंठ्याला १० लाख. मूळ रक्कम २ कोटी, सक्तीने जागा घेतल्याबद्दलची दिलासा रक्कम तेवढीच, शिवाय मूळ रकमेवर वर्षाला १२ टक्के, म्हणजे २४ लाख. विहीर, झाडं वेगळी. अंदाजपत्रकात फक्त २ कोटी धरले तर काम तिथेच थांबतं. मालकाचंही नुकसान होतं: बाजारमूल्य काढताना गेल्या ३ वर्षांचे आसपासचे खरेदीदस्त पाहतात आणि दस्तात किंमत कमी दाखवण्याची सवय इथे अंगाशी येते.

निवाड्यानंतरची ढिलाईही महागात पडते. पुण्यात वनउद्यानासाठीच्या संपादनात निवाडा २००८ मध्ये झाला, पण भरपाई मालकांना न देता, न्यायालयातही न भरता कोषागारात ठेवली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या कायद्याच्या आधारे ते संपादनच व्यपगत, म्हणजे संपुष्टात आलेलं, ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२० च्या निकालाने कायद्याचा तो अर्थ बदलला, पण मधली सहा वर्षं देशभर असे खटले चालले.

रक्कम पोचल्यावर त्याच दिवशी पंचनामा करून ताबा घ्यावा, हद्दीचे दगड पुरावेत आणि उताऱ्यावर महापालिकेचं नाव चढवावं. जुनं नाव राहिलं तर तीच जागा पुन्हा विकली जाऊ शकते, आणि फसलेला खरेदीदार मग उद्यानाच्या कुंपणावर दावा लावतो.