शिळेला टेकलेला ओंडका

मार्च उजाडला की विदर्भात मोह टपकू लागतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, वारा फिरला की तीच आग टेकडी चढते. नागपूरच्या आसपास अशा माळांवर लोहयुगातल्या दफनांभोवती रचलेली शिळावर्तुळं आहेत, एकट्या जुनापाणीला सुमारे ३००.

गवताची आग एका जागी फार टिकत नाही आणि मातीतून उष्णता सहज उतरत नाही. वर जाळ असला तरी वीतभर खाली पुरलेली काळी-तांबडी खापरं, लोखंडी कुऱ्हाडी बहुधा शाबूत राहतात. खरा घात करतो तो शिळेला टेकून पडलेला वाळका ओंडका. तो तासन्‌तास धुमसतो. दगडाची पाठ तापून फुगते, गाभा मात्र थंडच असतो, त्या ताणानं वरचे पापुद्रे सुटतात. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, पापुद्र्यासोबत तेही जातील. अमेरिकेत मेसा व्हर्डे इथे १९९६च्या वणव्यात कातळावरची कोरीव चित्रं अशीच सोलवटली. तापल्या शिळेवर पाणी ओतलं तर तडा आणखी लवकर जातो.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. भट्टीतून निघाल्यापासून खापरातले स्फटिक भोवतालच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवत राहतात, तिच्यावरूनच प्रयोगशाळेत खापराचं वय काढतात. उघड्यावरचं खापर ४००-५०० अंशांपर्यंत तापलं की ही शिल्लक पुसली जाते. खापर तेच, पण त्याचं घड्याळ कालपासून सुरू झालेलं!

मला आगीहून जास्त धास्ती वाटते ती घाईघाईत जेसीबीनं काढलेल्या जाळरेषेची, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याची. एकदा शिळा हलल्या की कुठली कुठे होती, हे कोण सांगणार? म्हणून वर्तुळं आधीच नकाशावर हवीत आणि जाळरेषेनं त्यांना वळसा घालायला हवा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी ओंडके हातानं उचलून दूर न्यावेत, पाचोळा खराट्यानं ओढावा. कुदळ लावू नये. मोहाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तर पाला जाळावाच लागत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात.

आणि वणवा लागलाच, तर पावसाआधी त्या माळावरून एकदा पायी फिरावं. गवत गेल्यावर कधी न नोंदलेलं वर्तुळही दिसू शकतं. फोटो काढावा, जागा टिपून पुरातत्त्व खात्याला कळवावं, खापर मात्र उचलू नये.